तिसऱ्या खेपेचं उत्तर

स्कोग्डाल, विस्कॉन्सिन
४ ऑक्टोबर

चि. अर्लिन यास ताईचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की,

आपला फोन लागत नाही म्हणून घाबरून जाऊ नकोस. घर जागेवर आहे, बाबा आहेत, मीही आहे. फोनची वायर मीच भिंतीतून उपटली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. या निवडणुकीने नुसता वीट आणलाय बघ. कॉफी उकळायच्या आत पहिला फोन, आणि मग दिवसभर रांग. कोणाला मत देणार, नक्की का, थोडं नक्की की पुष्कळ नक्की, गादीवरच्याबद्दल काय वाटतं, त्या दुसऱ्याबद्दल काय वाटतं. सख्ख्या शेजाऱ्याला जे विचारायची आपल्याकडे लाज वाटते, ते हे मेले परक्याच्या घरात शिरून विचारतात. परवा कुणा नटाचा भरून ठेवलेला आवाज आला. बाबांना सेल्मर अशी नावाने हाक मारून तो म्हणतो, तुमच्या नातवंडांचा विचार करा. बाबांना एकही नातवंड नाही. तरी ते भिंत धरून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले, त्या यंत्राला आभारी आहे म्हणाले आणि मगच फोन ठेवला. नंतर खुर्चीपर्यंत पोचताना त्यांना असा दम लागला, की मी सरळ जाऊन वायर ओढली.

आता त्या दम लागण्याविषयी. तुझ्याशी आडपडदा नको. हृदय थकलंय, पायांत पाणी उतरतंय, उशा रचून बसल्या बसल्या झोपतात. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की नाताळ धरून चालू नका. मी हे बाबांना सांगितलेलं नाही. पण परवा त्यांनी आपली चांगली बूटजोडी पॉलिश करायला काढली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, असू दे, लागेल.

त्यात तुझे पराक्रम. छान टाय लावून तू टीव्हीवरून साऱ्या देशाला सांगितलंस, की हे काठावरचं राज्य कुठे झुकणार हे बघायचं असेल तर माझ्या वडिलांना विचारा, लढाईवरून परतल्यापासून त्यांनी ज्याला मत दिलं तोच राष्ट्राध्यक्ष झाला. तू सांगून मोकळा झालास. दुसऱ्या दिवशी आपल्या अंगणात दोन गाड्या. टाचांचे बूट घातलेली एक बाई माझ्या बिटाच्या वाफ्यातून चालत खिडकीशी गेली. मी शाळेची बस घेऊन गेले होते. परत येऊन बघते तर बाबा त्या सगळ्यांना कॉफी पाजतायत आणि स्वतः निळे पडलेत.

मतदानाचं भविष्य सांगणं हा तुझा धंदा आहे, तो तू वॉशिंग्टनात बसून खुशाल कर. पण वारा कुठला हे बघायला बापाला छपरावर टांगू नकोस रे.

मुद्द्याचं एकच. तू ये. बाबांना तुला बघायचंय. आईला पोचवून गेलास तो या घरात पुन्हा पाऊल टाकलेलं नाहीस. ते स्वतः कधी म्हणायचे नाहीत, म्हणून मी म्हणते.

माया आहे तेवढी टिकव, वाढवलीच पाहिजे असं नाही.

तुझी ताई,
सॉल्व्हेग


वॉशिंग्टन
८ ऑक्टोबर

ती. ताईस अर्लिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. शिव्या खाल्ल्या, पोट भरलं. फोनची वायर पिठाच्या डब्यामागे, हे वाचून ऑफिसात एकटाच हसत बसलो. पण ताई, ती वायर परत लाव. तुझ्यासारख्या आणखी शंभर बायकांनी वायरी काढल्या तर आमचं दुकान बंद पडेल.

बाबांच्या तब्येतीचं वाचून काळजी वाटली. तिथल्या डॉक्टरांवर विसंबू नकोस, मॅडिसनला मोठ्या इस्पितळात दाखव, खर्च माझा. आता येण्याविषयी. मी काही विसरलेलो नाही. सप्टेंबरात बाबांना मी एकदा सोडून दोनदा विचारलं, की मी येऊ का. पहिल्यांदा म्हणाले, कशाला उगाच विमानाला पैसे घालतोस. दुसऱ्यांदा म्हणाले, मक्याची कापणी चाललीय, तुझ्याशी बोलायला इथे कोणाला वेळ नाही. आता माणसाच्या शब्दाला किंमत द्यायची की नाही? लोक जे बोलतात ते खरं मानायचं, यावर तर माझं पोट चाललंय.

इथे नुसती धावपळ आहे. सगळ्या देशाचा निकाल तीन-चार राज्यांवर अडकलाय, त्यात विस्कॉन्सिनचा काटा तर अगदी मधोमध उभा. मंगळवारी, दोन नोव्हेंबरला संध्याकाळी मला टीव्हीवर ते राज्य कोणाचं हे सांगायचंय. चुकलो तर पुढच्या खेपेला मला कोणी दारात उभं करणार नाही. आणि सगळ्यात वैताग कोण देत असेल तर आपल्याच दऱ्याखोऱ्यांतले लोक. तुमच्या भागात माझी माणसं ज्याला विचारतील तो म्हणतो, अजून काही ठरवलं नाही, बघू या. इतकी न ठरवलेली माणसं मी उभ्या देशात कुठे पाहिली नाहीत. त्यांना एवढा विचार तरी कसला पडलाय?

बाबा कोणाकडे झुकतायत ते हळूच काढून घे ना. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

रागाच्या जोडीला थोडा लोभही पाठव.

तुझा,
अर्लिन


स्कोग्डाल
१३ ऑक्टोबर

चि. अर्लिन यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हात कपाळावर गेला. अरे, तू कोणाच्या पोटचा? इतकी वर्षं बाहेर राहून तू आपल्या नॉर्वेजियन माणसांची भाषाच विसरलास की काय?

आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणतो तो हावरट. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणतो तो उतावळा. कॉफी घेणार का, नको, आत्ताच झाली. घ्या हो थोडी, नको, उगाच त्रास. मग तिसऱ्यांदा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारलं की समोरच्याला आपण खरंच हवे आहोत हे कळतं, आणि मग खोटं बोलायचं नसतं. तिसऱ्या खेपेला नको म्हणाला तर ते नको खरं. हे काय मी तुला सांगायला हवं? बोर्गहिल्ड मावशीकडे तू लहानपणी केकला दोनदा नको म्हणालास आणि तिने चेष्टेने ताटली उचलून कपाटात ठेवली, तर घरी येईपर्यंत भोकाड पसरलं होतंस. मावशी अजून सांगते. तुझ्या त्या न ठरवलेल्या माणसांनी कधीचं ठरवलंय. तुम्ही त्यांना एकदा विचारता आणि फोन ठेवता. एवढ्या भांडवलावर कोणी आपल्या मनातलं सांगतं का?

बाबांनी तुला दोनदा नको म्हटलं. विमानाचे पैसे, मक्याची कापणी. आपलं शेत आपण कधीच दुसऱ्याला कसायला दिलंय, मका कोणाचा आणि कापणी कोणाची? फोन ठेवल्यावर ते दोन्ही वेळा बराच वेळ तिथेच बसून होते. मला वाटलं, परत वाजेल म्हणून बसलेत. तू तिसऱ्यांदा विचार, अर्लिन. एवढं एकच काम कर.

आणि ते बाबांचं नेहमी जिंकणारं मत. तू ते देशभर मिरवतोस म्हणून सांगते. फार वर्षांपूर्वी मिलवॉकीहून एक बातमीदार आला होता. त्याने आधीच ठरवून विचारलं, तुम्ही दर वेळी निवडून येणाऱ्यालाच मत दिलंय, होय ना? बिचारा इतक्या लांबून आला होता, हिमात त्याची गाडी रुतली होती, आपल्याकडे जेवला होता. त्याला नाही म्हणणं बाबांना बरं दिसेना. ते म्हणाले, असेल. त्याने छापून टाकलं. आईला हसता हसता ठसका लागला होता. त्यानंतर जो आला त्याला बाबा असेल म्हणाले. निम्म्या वेळा ते हरणाऱ्याच्या बाजूने होते. तुझा सगळा चमत्कार म्हणजे एका सभ्य माणसाची भीड.

पुढच्या शनिवारी, तेवीसला, चर्चमध्ये लुटेफिस्कचं जेवण आहे. क्षारात फुगवलेल्या त्या माशाचा वास तुला तिथे बसून आला असेल. बाबांनी जायचा हट्ट धरलाय. त्याआधी आलास तर बरं.

तुझ्या अकलेत भर पडो, माया आहेच.

ताई


वॉशिंग्टन
१८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, तू सोन्याची खाण आहेस. तुझं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. कोणाला पटेना, मग म्हटलं करून तर बघू. तुमच्या आणि आसपासच्या भागात माझ्या माणसांना हुकूम सोडला, की एकदा विचारून परत फिरायचं नाही. दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा विचारा, जिथे फोन लागत नाही तिथे दारात जा. आणि काय सांगू, न ठरवलेले बघता बघता विरघळले! काटा हलला. किती आणि कुठे हे इतक्यात लिहीत नाही, पण हे गुपित सध्या देशात फक्त आमच्याकडे आहे. काल ऑफिसात तुझ्या नावाने बाटली फोडली. मालक म्हणाले, या ताईंना नोकरीवर घ्या.

बाबांच्या मताची गोष्ट वाचून हसून हसून पुरेवाट झाली. पण ती कोणाजवळ बोलू नकोस. लोकांना ती गोष्ट आवडते, खरी नसली म्हणून कुठे अडलंय? उलट तेवीसच्या जेवणाला मी टीव्हीची माणसं पाठवतोय. बाबांना पुढच्या बाजूला उजेडात बसव. बातमीदाराला मी पढवून ठेवलंय, तो त्यांना तीनदा विचारेल. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाबांना सांगावंच लागेल ना? नाव कुठलंही घेऊ देत, मला फक्त त्यांनी ते पडद्यावर घेतलेलं हवंय.

येण्याचं माझ्या डोक्यात आहे. एवढा मंगळवार पार पडू दे.

तुझा कर्जदार आणि लोभाचा हक्कदार,
अर्लिन


स्कोग्डाल
२४ ऑक्टोबर

अर्लिन,

आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

मी तुला आपल्या घरातली गोष्ट सांगितली, ती बापाला भेटायला तुला उपयोगी पडावी म्हणून. तू ती विकलीस. आठवडाभर तुझी माणसं या दरीत दारोदार फिरतायत. आधी नको म्हटलं तर हसतात, पुन्हा विचारतात, मग तिसऱ्यांदा विचारतात, आणि लोकांना काय करावं कळत नाही. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे आपल्याकडे माणसाला जवळ घेणं. आता एकमेकांना साधी कॉफी विचारताना लोक दचकतात. बोर्गहिल्ड मावशीने दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्या खेपेला तुझ्या माणसाच्या अंगावर भांड्यांचं पाणी ओतलं. म्हणाली, हे माझं खरं उत्तर, लिहून घे.

कालच्या जेवणाचं सांगते. वरती चर्चच्या बाकांवर आपले लोक नंबर यायची वाट बघत गुपचूप बसलेले, आणि दोन्ही पक्षांचे बिल्लेवाले नंबर न घेताच खाली तळघरात घुसले. एका बाजूचा कोणी मोठा माणूस कॅमेऱ्यासमोर लुटेफिस्कचा घास घेऊन वा म्हणाला, आणि दिवा बंद झाल्यावर तोच घास कागदी रुमालात थुंकून कोटाच्या खिशात ठेवला. वितळलेलं लोणी त्या खिशातून पाझरून खाली येत होतं आणि तो सगळ्यांशी हात मिळवत हिंडत होता. दुसऱ्या बाजूची बाई लेफ्सेला, आपल्या बटाट्याच्या पातळ पोळीला, टॉर्टिया म्हणाली. मला त्या माशाचा वास लहानपणापासून आवडतो, पण काल पहिल्यांदा ओकारी येईल असं वाटलं.

बाबांनी ते पॉलिश केलेले बूट घातले होते. दोघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना खाली आणलं. मी त्यांना मुद्दाम मागच्या कोपऱ्यात बसवलं होतं, तरी तुझा माणूस दिवा घेऊन तिथे आलाच. त्याने विचारलं, सेल्मर, या वेळी कोण? बाबा म्हणाले, छे, माझ्या मताचं काय एवढं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. बाबा म्हणाले, दोघांच्याही आयांना ते आवडत असतील. लोक हसले. मग तो माणूस वाकला, त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी आपल्यासारखं, मऊ आवाजात तिसऱ्यांदा विचारलं. काटे ताटलीवर थांबले. आता उत्तर देणं भाग आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाबांनी तोंड पुसलं आणि म्हणाले,

“मला माझा मुलगा बघायचाय. दुसरं काही नको.”

तुझ्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. तो सोबतच्याला म्हणाला, याचा काही उपयोग नाही, आणि दिवा बंद केला. बोर्गहिल्ड मावशी लोण्याचं भांडं तिथेच ठेवून आत निघून गेली.

मला किळस आली, अर्लिन. त्या माणसाची नाही, तो पगारी. तुझी आली. हे लिहायला मला आनंद होत नाही.

बाबांनी आज सकाळी तुला स्वतः पत्र लिहिलंय. मी ते वाचलेलं नाही. सोबत पाठवते.

सॉल्व्हेग


स्कोग्डाल
२४ ऑक्टोबर

चि. अर्लिन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. पाऊस पुरेसा झाला. ताई तुझ्यावर रागावली आहे असं दिसतं, मनावर घेऊ नकोस, ती आईवर गेली आहे.

काल तुझ्या माणसाचं काम माझ्यामुळे बिघडलं याचं वाईट वाटलं. तो चांगला होता. त्याने लेफ्से दोनदा घेतला. चारचौघांत तसं बोलून जायला नको होतं. वयाने जीभ सैल होते. तुला तिथे कोणी काही बोलणार तर नाही ना? माझ्यामुळे तुला कमीपणा यायला नको.

तू टीव्हीवर दिसतोस तेव्हा मी बघतो. आकड्यांतलं मला फारसं कळत नाही, पण तू बारीक झालास एवढं कळतं. सकाळचं खात जा.

माझं बोलणं ऐकून तू कामं टाकून येशील म्हणून आधीच लिहितो, की येण्याची तसदी घेऊ नकोस. मी बरा आहे. ताईने वरची खोली झाडून तुझ्या पलंगावर रजई घालून ठेवली आहे, पण तिला सारखं काहीतरी करायला हवंच असतं. खिडकीजवळची खुर्ची मला बरी पडते. तिथून रस्ता वळणापर्यंत दिसतो. मोटारी फार जात नाहीत.

हात थकला. जपून राहा.

तुझा बाप,
सेल्मर


वॉशिंग्टन
२८ ऑक्टोबर

ती. बाबांस अर्लिनचा सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र मिळालं. तुमचं अक्षर बघून आधी वाचवेना. ते पाकीट दिवसभर खिशात घेऊन हिंडलो.

जेवणाच्या दिवशीचा तुमचा तुकडा त्यांनी टीव्हीवर दाखवला नाही, पण मला इथे पाठवला. मी तो दार लावून बघितला. तुम्ही माझं काहीच बिघडवलेलं नाही. मला कोणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं. मी तुमच्याकडे माणूस पाठवला, आणि तो मी का नव्हतो, याचं उत्तर मला माझ्याजवळच सापडत नाही. ताईने मला जे लिहिलं ते खरं आहे. तिला सांगू नका, डोक्यावर बसेल.

बाबा, मी येऊ का? तिसऱ्यांदा विचारतोय. या वेळी खरं सांगा.

लगेच निघायला हवं हे मला कळतं. पण मंगळवारी रात्री मला राज्याचं नाव सांगायचं आहे, बुधवारी त्याचं स्पष्टीकरण. इथे पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. गुरुवारी पहिल्या विमानाने निघतो. एका आठवड्याचाच प्रश्न आहे. खिडकीतून बघत राहा, भाड्याची मोटार असेल, रंग कुठला मिळेल ते माहीत नाही.

तोपर्यंत औषधं वेळेवर घ्या, आणि माझ्यावर आहे तेवढी माया ठेवा, तिला मी लायक नसलो तरी.

तुमचा,
अर्लिन


स्कोग्डाल
१ नोव्हेंबर
(वाचनालयाच्या फॅक्सवरून)

अर्लिन,

बाबा काल सकाळी गेले. सांगायचं ते आधी सांगितलं.

तू ऑफिसात भेटला नाहीस. तुला कळवायला मी ती वायर परत भिंतीत लावली. लावते न लावते तो फोन वाजला. कोणी बाई विचारत होती, सेल्मर घरात आहेत का, ते मंगळवारी मतदानाला नक्की जाणार ना. मी म्हटलं, ते गेले. तिने विचारलं, कुठे गेलेत, तोवर परत येतील का. मग तुझ्या ऑफिसला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, साहेब टीव्हीवर आहेत, तुमच्या भागाचे काही नवे आकडे असले तर मला द्या. मी म्हटलं, लिहून घ्या, एक कमी झाला. तिने लिहून घेतलं असावं. तुला तो आकडा मिळाला की नाही कोण जाणे, म्हणून हे पाठवते.

फार त्रास झाला नाही. सकाळी त्यांना खिडकीशी बसवलं. बाहेर धुकं होतं, वळणसुद्धा दिसत नव्हतं, तरी तिकडेच बघत होते. कॉफी देऊ का म्हणून विचारलं, नको म्हणाले. पाव भाजायला टाकला आणि पुन्हा विचारलं, तर म्हणाले, तू घे आधी. मी माझा कप भरला आणि तिसऱ्यांदा विचारायला वळले, तर ते नव्हते. त्या तिसऱ्यांदा विचारण्याचं मी काय करू, ते मला कोणी सांगत नाही.

तुझं पत्र आज दुपारी आलं. पाकिटावर बाबांचं नाव होतं, मी उघडलं. तिसऱ्यांदा विचारतोय असं लिहिलंयस आणि खालीच गुरुवार लिहिलायस. ते चुलीत घालावं असं वाटलं. मग त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवावं असं वाटलं. दोन्ही केलं नाही. टेबलावर पडलंय.

अंत्यविधी उद्याच करायचा माझा विचार होता, पण चर्चच्या तळघरात मतदान आहे. पास्टर फार शरमले होते. पेट्या, पडदे, टेबलं सगळं लागलंय, आणि कायदा आहे म्हणतात. माणूस मेला तरी मतं टाकायला जागा मोकळी हवी. महिनाभर त्यांना या लोकांनी चैन पडू दिली नाही, आता गेल्यावरही एक दिवस थांबवून ठेवलं. मी काही मत द्यायला जाणार नाही. त्या जिन्यावरून उद्या खाली उतरणं माझ्याच्याने होणार नाही. तुझ्या हिशेबात आणखी एक कमी कर.

तेव्हा बुधवारी सकाळी अकरा वाजता, आणि नंतर वरच्या दफनभूमीत आईशेजारी. जेवण बोर्गहिल्ड मावशी बघतेय.

तू काही येऊ नकोस. मंगळवारची रात्र तुला जागायची आहे, बुधवारी तुझं स्पष्टीकरण आहे, आणि इथे जवळच्या ला क्रॉसला येणारं विमान या दिवसांत कधी वेळेवर उतरत नाही. आमचं आम्ही करू. खांदा द्यायला सहा जण लागतात. पाच जणांना मी सांगितलं आहे.

कळावे,
ताई